शाहो मेलेला नाही

नेबेजला अभिनय खपत नसे. चमचमाल शहरातल्या लग्नांमध्ये व्हिडिओ काढून काढून त्याला नटणाऱ्या माणसांचा वीट आला होता. कॅमेरा दिसला की नवरदेव पोट आत घेतो, नवरीची आत्या कोरड्या डोळ्यांना रुमाल लावते, आणि वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे चुलतभाऊ गळ्यात गळे घालतात. नेबेज म्हणायचा, माणसाला पुढे काय होणार हे कळलं की तो खोटा झालाच म्हणून समजा. खरा चेहरा पाहिजे असेल तर त्याला काही सांगू नये.

पहिला सिनेमा त्याने असाच केला. आपल्याच कानीतू गावातल्या माम रोस्तमचा लाडका एडका त्याने गुपचूप मावशीच्या गोठ्यात नेऊन बांधला, आणि म्हातारा एडक्याला शोधत डोंगर धुंडाळायला लागला तेव्हा कॅमेरा घेऊन त्याच्या मागे मागे फिरला. म्हाताऱ्याने आधी एडक्याला हाका मारल्या, मग शिव्या दिल्या आणि ऊन उतरायला लागलं तसा तो हात जोडून त्याच्या विनवण्या करायला लागला. हा सिनेमा देशोदेशी गेला. कुठल्याशा थंड शहरात एका बाईने नेबेजचा हात धरून डोळे पुसले आणि विचारलं, इतका सुंदर अभिनय करून घेतलात कसा? "मी अभिनय करूच देत नाही," नेबेज म्हणाला. वाक्य वर्तमानपत्रात छापून आलं आणि गडी स्वतःच्याच वाक्याच्या प्रेमात पडला. इकडे एडका परत मिळाल्यावर माम रोस्तम चारचौघांत हसला, पण त्यानंतर नेबेजच्या घरी तो कधी चहाला बसला नाही. बक्षीस मिळालेल्या माणसाला चहाला कोण आलं नाही हे कुठे दिसतं?

दुसऱ्या सिनेमाने वारलेल्या वडिलांचं, रहीमचं, शेत खाल्लं आणि तो कुत्र्यानेही पाहिला नाही. नेबेज पुन्हा लग्नांच्या मांडवात उभा राहिला. तिशी उलटली, लग्न राहून गेलं, केस मागे सरकले. आता तिसरा सिनेमा, आणि हा पडला तर चौथा नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. स्लेमानी शहरातून कॅमेरा उसना आणला होता. आवाज धरायला लावंद होता, त्याचा लग्नांच्या कामातला जुना जोडीदार. परदेशातल्या एका संस्थेने सांगितलं होतं, मुख्य प्रसंग आधी करून दाखवा, मग पुढचं बोलू. आणि मुख्य प्रसंग होता पिर्सा. मयताच्या घरी माणसं बसायला येतात, फातिहा म्हणतात, बाया ऊर बडवून रडतात, तो पिर्सा. सिनेमा एका आईचा होता, जिच्या मुलाची हाडं वीसेक वर्षांनी घरी येतात.

ती आई कुणाची, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही विचारायची गरज नव्हती.

नेबेजच्या आईचं नाव खुंचा. ज्या वसंतात लष्कराच्या लॉऱ्यांनी गरमियान हा आमचा सगळा मुलूख झाडून नेला, तेव्हा ती धाकट्या नेबेजचा कान फुटला म्हणून त्याला घेऊन स्लेमानीच्या दवाखान्यात गेली होती. थोरला शाहो, मिसरूड फुटू लागलेला, मेंढ्यांपाशी थांबला. ती परत आली तेव्हा गाव नव्हतं, मेंढ्या नव्हत्या आणि शाहो नव्हता. शेजारच्या हपसाने त्याला शेवटचं पाहिलं. तिलाही बायांच्या लॉरीत कोंबलं होतं. पुढच्या लॉरीत तिचा विर्या आणि खुंचाचा शाहो गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, एवढं तिने पाहिलं आणि मग धूळ उडाली. हपसा दक्षिणेच्या वाळवंटातल्या तुरुंगातून काही महिन्यांनी अर्धी होऊन परत आली. गाव पुन्हा वसलं, पोरं आली नाहीत.

पोरं कुठे गेली हे साऱ्या गरमियानला माहीत होतं. वाळवंटात चर खणले होते, बुलडोझरने बुजवले होते, आणि राज्य बदलल्यावर ते एकेक करून उकरणं चालू होतं. कधी कुणाच्या घरी पेटी येई. खुंचानेही दवाखान्यात रक्त देऊन ठेवलं होतं, हाडांशी जुळवायला. पण तिने पिर्सा केला नव्हता. हपसानेही नाही. जित्या मुलासाठी जी आई रडते ती स्वतःच्या तोंडाने त्याचा श्वास ओढून घेते, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणून हाडं हाती आल्याशिवाय कुणी आई गळा काढत नाही. खुंचाकडे शाहोचा एकच कपड्यांचा जोड होता, नवरोजच्या सणासाठी स्लेमानीच्या शिंप्याकडे टाकलेला, म्हणून वाचलेला. दर वसंतात ती तो धुऊन उन्हात घालायची आणि घडी करून परत ठेवायची. शाहो आज असता तर त्याच्या दाढीत पांढरं आलं असतं आणि ते जाकीट त्याच्या दंडातही शिरलं नसतं. हे तिला कुणी सांगत नसे.

नेबेजने दायेकडे, म्हणजे आईकडे, विषय काढला तेव्हा ती तंदूरपाशी बसून कणीक मळत होती.

"दाये, तू फक्त बसायचंस. बाकी मी बघतो."

"मला नाही बाबा सोंगं जमत. हपसाला घे. तिचा आवाज पार डोंगरापलीकडे जातो."

"मला आवाज नकोय. तू पाहिजेस."

"माझ्यात काय ठेवलंय? दात पण नाहीत." ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, "त्या पोराचं नाव काय?"

"कुठल्या पोराचं?"

"सिनेमातल्या. जो मरतो त्याचं."

"झाना."

"आई कोण त्याची?"

"ते काही ठरवलं नाही, दाये. तूच की."

तिने कणकेचा गोळा उचलून परातीत आपटला. "हे बघ नेबेज. शाहोचं नाव त्यात कुठेसुद्धा येता कामा नये. चुकूनसुद्धा. तुझ्या त्या झानासाठी बसेन मी. बिचाऱ्याला रडायला कुणी नसेल तर मी रडेन. पण शाहोचं नाव नाही."

"नाही येणार," नेबेज म्हणाला. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला.

तेव्हा तो खोटं बोलत होता का? मला विचाराल तर नाही. तेव्हा त्याच्या मनात खरंच झानाच होता. पण तालमीत ती झानासाठी रडायला बसली आणि त्याच लग्नातल्या आत्यासारखं कोरडं रडायला लागली. मध्येच थांबून विचारी, "बस झालं का रे? भात लागेल खाली." नेबेजची झोप उडाली. संस्थेला हे दाखवलं तर ती दारातूनच परत पाठवेल. आणि मग त्याला आपली जुनी खोड आठवली. पुढे काय होणार हे माणसाला सांगू नये.

तो मशिदीत गेला. मामोस्ता तौफीक, गावचे मौलवी, ठरलेल्या दिवशी भोंग्यावरून मयताचं नाव पुकारायला तयार झाले होते. नेबेजने त्यांना सांगितलं, झानाऐवजी शाहोचं नाव घ्या.

मामोस्तांनी चष्मा काढला. "खुंचाला विचारलंस?"

"तिनेच सांगितलं."

"ती असं सांगेल?"

"मामोस्ता, आई कुणाची? माझी का तुमची?"

म्हाताऱ्याने चष्मा परत लावला. बाहेर आल्यावर लावंद म्हणाला, "काक नेबेज, हे बरं नव्हे. आपण लग्नांतल्या ढोलाचा आवाज धरणारी माणसं, तेवढंच करू. पिर्सा म्हणजे खेळ नाही."

"तू आवाज बघ," नेबेज म्हणाला. "आणि भोंगा पुरा सोड. डोंगरावरून परत येणारा आवाज पाहिजे मला."

ठरलेल्या सकाळी अंगण झाडून घेतलं होतं. शेजारच्या बाया काळे कपडे घालून भिंतीपलीकडे तयार बसल्या होत्या, आपल्याला झानासाठी रडायचंय म्हणून आपसात हसत होत्या. खुंचा ताटात तांदूळ निवडत होती. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर होता. वारा छान होता, ऊन मऊ होतं.

भोंगा खरखरला. मामोस्तांनी आयत म्हटली आणि मग पुकारलं, की रहीमचा मुलगा शाहो अल्लाहकडे परत गेला आहे, त्याचा पिर्सा आजपासून मशिदीत आणि त्याच्या घरी आहे, फातिहा म्हणावा. नाव डोंगरावर आपटून पुन्हा अंगणात आलं.

खुंचाचा हात ताटात थांबला. ती किंचाळली नाही. तिने निवडलेले तांदूळ पातेल्यात ओतले, खडे बाजूला टाकले, हात झग्याला नव्हे तर नीट फडक्याला पुसले आणि वर पाहिलं. कॅमेऱ्यात नाही, नेबेजकडे.

"कधी सापडला?"

नेबेजने सगळ्याचा विचार केला होता, ती चिडेल, उठून जाईल, खडा उचलून मारेल. हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. खरं तर यायला हवं होतं, कारण तो त्याच मातीतला होता. आमच्याकडे मयताची बातमी कुणी सरळ देत नाही. आधी माणूस आजारी आहे म्हणतात, मग दवाखान्यात आहे म्हणतात. चार बाप्ये येऊन गव्हावर आणि पावसावर बोलत बसतात, एखादी बाई किटली मागायच्या निमित्ताने येते आणि जातच नाही. मग घरातली बाई आपणच समजते. खुंचाने आयुष्यभर हेच पाहिलं होतं. तिला वाटलं, सिनेमा हीसुद्धा तसलीच किटली.

"म्हणून केलंस होय रे हे सगळं?" ती उठून त्याच्याजवळ आली. "कॅमेरा काय, झाना काय, बस म्हणे फक्त. किती दिवस एकट्याने पोटात ठेवलंस?" तिने त्याच्या गालावर हात ठेवला. हाताला तांदळाची भुकटी होती. "माझं बिचारं पोर."

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं अशी नेबेजची गत झाली. नाही म्हणावं तर एवढी वर्षं ज्याचं नाव जपलं त्याचं नाव खोट्यासाठी उच्चारलं म्हणून ती मरून जाईल. हो म्हणावं तर कसं म्हणावं? आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, त्याच क्षणी त्याला हेही दिसत होतं की तिचा चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी मधोमध आहे आणि कॅमेरा चालू आहे. तो गप्प राहिला. गप्प राहणं म्हणजे आमच्याकडे होकार.

मग खुंचाने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि रडायला बसली. वीसेक वर्षांचं साचलेलं, त्याला थोपवणार कोण? भिंतीपलीकडच्या बाया हसता हसता गप्प झाल्या आणि धावत आल्या. ती शाहोशी बोलत होती. जाकीट न घालता गेलास, म्हणत होती. तुला म्हटलं होतं दोन दिवसांत येते, तू वाट बघत राहिलास का रे, त्यांनी हात बांधले तेव्हा तुझ्या नाकाला खाज आली तर कुणी खाजवलं? तुला बदकांची भीती वाटायची आणि मी सगळ्यांना सांगून हसायचे. नेबेजला आपला भाऊ बदकांना भ्यायचा हे आज कळत होतं. त्याचे डोळे वाहत होते आणि हात कॅमेऱ्यावरून हलत नव्हता.

दुपारपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. भोंगा वाऱ्याने लांब नेला होता. डोंगरापलीकडच्या गावांतून पिकअप गाड्या आल्या, कुणी तांदळाचं पोतं आणलं, कुणी साखर, कुणी मेंढी. पुरुष मशिदीत गेले, फातिहा म्हणून निमूट बसले. बाया घरात. त्यांत इतर आया होत्या, ज्यांची पोरं, नवरे, भाऊ त्याच लॉऱ्यांतून गेले होते. त्या खुंचाचा हात हातात घेत आणि मान हलवत.

"तू सुटलीस गं, खुंचा."

"मूठभर का होईना, तुला मिळालं. आमच्या नशिबी तेवढंही नाही बघ."

एकीने तर तिचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला, आपल्यालाही लाभावं म्हणून. हाडांसाठी बाई बाईचा हेवा करते हे नेबेजला सिनेमात कधी सुचलं नसतं. तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात कॅमेरा नेत होता, आणि कुणी त्याला हटकत नव्हतं, कारण मयताच्या भावाला कोण हटकणार? लावंदने कधीतरी कानावरचं यंत्र काढून ठेवलं आणि तो मशिदीत जाऊन बसला.

खुंचाने शाहोचे कपडे आणले. मयताचे कपडे घरात ठेवत नाहीत. विटांच्या भट्टीवर काम करणारा एक गरीब, किरकोळ अंगाचा माणूस दारात उभा होता, त्याच्या हातात तिने घडी ठेवली, वर आपला हात क्षणभर ठेवला आणि उचलला. "अंगात घालून जा," ती म्हणाली. "थंडी आहे."

मग ती आत आली आणि जेवली. ताटभर भात, वर रस्सा, वर ताक. तिला कुणी इतकं जेवताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. नेबेज दाराच्या चौकटीला टेकून तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या मनात आलं, होऊन जाऊ दे. हिला सुटू दे. मी कुणाला काही सांगणार नाही, पाप लागायचं ते मला लागेल.

तेवढ्यात हपसा आली.

ती लेकीकडे गेली होती, बातमी ऐकून निघाली होती. ती खुंचाकडे गेली नाही, बसली नाही, फातिहाही म्हटला नाही. रस्त्याच्या धुळीने भरलेले जोडे तसेच पायात ठेवून सरळ नेबेजसमोर उभी राहिली.

"नेबेज गियान, बाळा, कुठल्या खड्ड्यात सापडला?"

"दाये हपसा, तुम्ही बसा आधी."

"बसते नंतर. मला खड्डा सांग. दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. शाहो तिथे आहे म्हणजे विर्या त्याच्या शेजारीच असणार. त्याला सोडून तो कुठे जायचा नाही. त्या खणणाऱ्यांना फोन लाव आणि सांग, त्याच्या शेजारचा उचला. एवढंच सांग. शेजारचा उचला म्हणावं."

नेबेजने तिच्याकडे पाहिलं. ती खाली वाकून कमरेच्या पट्ट्यातून काहीतरी काढत होती. विर्याच्या दाताला लहानपणी मार लागून टवका उडाला होता, ती खूण सांगायची म्हणून तिने स्वतःच्याच दाताला बोट लावून दाखवलं, कुठला दात, कुठल्या बाजूला. पट्ट्यातून काढलेला रुमाल तिने त्याच्या हातात कोंबला. त्यात गाडीभाडं होतं, त्याने जाऊन विर्याला आणावं म्हणून.

आईला एक वेळ खोटं सांगता आलं असतं. हिला काय सांगणार? कुठला खड्डा दाखवणार?

"दाये हपसा," तो म्हणाला, "कुणी सापडलेलं नाही. शाहो सापडलेला नाही. हा सिनेमा आहे."

तो हळूच बोलला होता. पण बायांचं रडणं नेमकं तेव्हा थांबलेलं होतं, चहाचे पेले फिरत होते, आणि अंगणाच्या टोकापर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

हपसा होती तिथेच खाली बसली. बाया एकेक करून डोक्याचे रुमाल बांधायला लागल्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड उचलला नाही; उचलला असता तर नेबेजला बरं वाटलं असतं. फक्त मामोस्ता तौफीक दारातून म्हणाले, "माझ्या तोंडून वदवलंस रे. ह्या तोंडाने उद्या नमाज कसा पढवू मी?"

खुंचा बाहेर आली. ओठाला ताक होतं.

"मग मी कुणाला रडले?" तिने विचारलं.

मग तिने रुमाल घट्ट बांधला आणि आवाज असा काढला जसा ती मेंढ्या मोजायला पाठवताना काढायची.

"फातिहा किती जणांनी म्हटला?"

"सगळ्यांनी, दाये."

"मग सगळ्यांकडे जायचं. ज्यांनी ज्यांनी म्हटला त्यांच्या दारात उभं राहायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं, माझा भाऊ मेलेला नाही. फोनबिन नाही. कुणाच्या हाती निरोप नाही. आणि माझ्या पोराचे कपडे घेऊन यायचे."

"दाये, माझं ऐक..."

"मी ऐकलं तुझं. माझ्या डोक्यावर हात ठेवून बोलला होतास, तेही ऐकलं."

नेबेजने कॅमेऱ्यातून टेप काढली आणि तंदूरमध्ये टाकली. संस्थेचा फोन पुढे दोन-तीनदा आला, तो त्याने घेतला नाही. तंदूरला प्लास्टिकचा वास राहिला, म्हणून खुंचा काही दिवस हपसाच्या तंदूरवर नान लावायला जायची. दोघी शेजारी बसून नान लावत आणि एकमेकींशी बोलत नसत.

नेबेज निघाला. पहिल्याच गावात, पहिल्याच दारात तो उंबऱ्याबाहेरच थांबला. घरधनी दाढीवाला, धिप्पाड, त्याचे स्वतःचे दोन भाऊ त्याच वाळवंटात होते. हा आता मला उचलून फेकणार, असं नेबेजला वाटलं.

"माझा भाऊ शाहो मेलेला नाही," तो म्हणाला. "चूक झाली. आईने सांगायला पाठवलंय."

माणसाने जमिनीकडे पाहिलं. मग मान वर केली आणि चेहरा असा उजळला की नेबेज चाट पडला. "अल्हमदुलिल्लाह. ये, आत ये, उभा काय? अगं ऐकलंस का, खुंचाचा शाहो मेलेला नाही." आतून बायकोचा आवाज आला, "बरं झालं बाई. आला की चहाला घेऊन ये म्हणावं. लग्नाचंही बघायला पाहिजे आता त्याच्या."

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. कुणी हसलं नाही, कुणी डोळा मारला नाही, कुणाचा शब्द अडखळला नाही. परवा जे फातिहा म्हणून गेले होते तेच आज शाहोला चहाला बोलावत होते. आणि नेबेजच्या हळूहळू ध्यानात आलं की हे आजचं नाही. तो लहान होता तेव्हापासून हेच चालू आहे. लग्नात बाया आईला विचारायच्या, शाहोसाठी कुठली मुलगी बघितलीस? दुकानदार म्हणायचा, शाहो आला की हिशेब करू. आख्खं गरमियान त्याच्या आईसमोर उभं राहून वर्षानुवर्षं अभिनय करत होतं, आणि अभिनयाचा तिटकारा असणाऱ्या ह्या शहाण्याला तो कधी ओळखूही आला नव्हता. त्या अभिनयाच्याच जिवावर त्याची आई जगली होती. तो एका दारातून निघून रस्त्याच्या कडेला बसला आणि खूप वेळ रडला, मग उठून पुढच्या घरी गेला.

भट्टीवाल्याने जाकीट अंगातून काढून दिलं. "मला तसंही काखेत आवळत होतं," तो म्हणाला. विजार बायकोने धुऊन घातली होती, ती ओलीच गुंडाळून दिली.

घरी आलं की खुंचा विचारायची, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"आला की चहाला घेऊन या म्हणाले."

"आणि कसे म्हणाले?"

"आनंदाने म्हणाले, दाये."

ती मान डोलवायची. पण कपडे परत आले तेव्हा तिने ते उन्हात घातले नाहीत. ओले तसेच घडी करून ठेवले. नेबेजने विचारलं तर म्हणाली, "वाळतील." त्याला कळलं. ती आता शाहोची वाटही धड बघत नव्हती आणि त्याला धड रडतही नव्हती. दोन्ही नेबेजने एका सकाळी तिच्याकडून काढून घेतलं होतं.

सगळ्यात शेवटी राहिलं शेजारचं घर. मधे फक्त एक मातीची भिंत, पण तेवढं ओलांडायला त्याला सगळं गरमियान फिरून यावं लागलं.

हपसा लोकर पिंजत बसली होती. तिने त्याला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. त्याने तिचा रुमाल, गाडीभाड्यासकट, तिच्यापुढे ठेवला.

"दाये हपसा, माझा भाऊ शाहो मेलेला नाही."

"बरं." तिचे हात चालूच होते. "आणि विर्या?"

नेबेजने जमिनीकडे पाहिलं.

"मी विचारलं, विर्या?"

"विर्याही... नाही मेलेला."

"जमिनीला सांगतोस की मला?" तिने लोकर खाली ठेवली. "आईला असंच सांगतोस होय? तुझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं. वर बघ आणि नीट सांग."

"विर्या मेलेला नाही."

"आवाज फाटला. परत."

त्याने परत सांगितलं. ती मान हलवून म्हणाली, असं नाही. त्याने पुन्हा सांगितलं, मग पुन्हा. कधी हुंदका मधेच आला, कधी डोळे तिच्यावरून सरकून लोकरीवर गेले, आणि दर वेळी तिला ते कळलं. ती चिडली नाही. पोराला नान थापायला शिकवावं तसं धीराने त्याला थांबवत राहिली. शेवटी कधीतरी त्याचा गळा स्थिर झाला, डोळे तिच्या डोळ्यांत राहिले आणि तो अगदी साध्या आवाजात, मेंढ्या चरून परत आल्या हे सांगावं तसं म्हणाला, "विर्या मेलेला नाही, दाये हपसा. दोघं बरोबरच आहेत."

हपसाने डोळे मिटून घेतले होते.

"हां," ती म्हणाली. "आता जमलं. उद्या परत ये."

दुसऱ्या दिवशी चमचमालला लग्नाचं काम होतं. नेबेज आधी तिच्याकडे गेला.